आजचा दिस ऱ्हा

जैतूनमावशी आम्हा मुलांना गोष्ट कधी सांगायची नाही. ती आम्हाला गोष्टीत ढकलून द्यायची आणि मग शांतपणे विचारायची, "आता काय करतीस?"

लोणावळ्यात स्टेशनच्या खालच्या अंगाला आमची चाळ होती. साठ सालानंतरची ती वर्षं. मावशी आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. तिचा नवरा रेल्वेत सांधेवाला होता, गाड्यांसाठी रूळ बदलायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. मावशीचं माहेर मावळातल्या कान्हे गावाकडचं, त्यामुळे इतकी वर्षं लोणावळ्यात काढूनही तिची बोली तिकडचीच राहिली होती. उंच, सुकलेली बाई. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हातातल्या कामाकडे बघायची.

पावसाळ्यात आम्ही मुलं दोन-तीन महिने घरात कोंडलेली असायचो. कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी धरते, शाळेला वरचेवर सुट्टी मिळते. अशा दुपारी मावशी व्हरांड्यात तांदूळ निवडायला बसायची आणि आमचा खेळ सुरू व्हायचा. तिनं स्वतःच रचलेला खेळ होता तो. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं. कुणी शिपाई, कुणी व्यापारी, कुणी धनगर, कुणी वैदू. गावातून निघायचं, घाट उतरायचा, कोकणातून मीठ घ्यायचं आणि वर यायचं. जो आधी येईल तो जिंकला. वाटेत काय आहे ते मावशी सांगणार. काय करायचं ते आपण सांगायचं. जमलं की नाही ते कवड्या ठरवणार. "कवडी बोलंल ते खरं, माज्यावर रुसायचं न्हाई," हे तिचं ठरलेलं वाक्य.

शिपायाला चौकीवर कुणी अडवत नसे, पण धनगराला त्याच्यापेक्षा जवळची वाट ठाऊक असे. व्यापाऱ्याला चोर गाठत. रानात वाघ होता, त्याच्यापुढे बकरू सोडलं की तो वाट देई. तीन-चार पावसाळे आम्ही हा खेळ खेळलो. माझी सगळी सोंगं घेऊन झाली. कुठल्या वळणावर काय आहे हे मला पाठ झालं होतं, निदान मला तसं वाटत होतं.

त्या वाटेवर नदीच्या अलीकडे एक घर होतं. तिथं पोचलं की मावशी सांगायची, "नदीच्या कडंला एक घर. दारात एक बाई उबी हाय. ती म्हनती, घटकाभर बसा. आता काय करतीस?" बसलं की एक डाव हुकणार, म्हणून सगळे म्हणायचे, "पुढे जाते." मावशी म्हणायची, "जा." आणि नदी सुरू व्हायची. त्या घरात कुणी कधी गेलं नव्हतं.

एका दुपारी माझा भाऊ दिनू मीठ घेऊन जवळजवळ गावापर्यंत पोचला होता आणि मी अजून नदीच्या अलीकडेच होते. हरणार हे ठरलेलंच होतं. खेळाचा मला कंटाळा आला होता. मावशी म्हणाली, "बाई म्हनती, घटकाभर बसा," आणि मी म्हटलं, "बसते."

मावशीचा हात सुपात थांबला.

"बसती म्हंजी?"

"म्हणजे घरात जाते. आत काय आहे?"

मला वाटलं, तिनं आत काही ठरवलेलंच नाही, आता ती काहीतरी रचून सांगणार. पण तिनं रचलं नाही. घर डोळ्यांपुढे असल्यासारखं तिनं सांगितलं. दारं बुटकी, वाकून जावं लागतं. उजव्या हाताला चूल, ती विझलेली. दाराशी सासू लसूण सोलत बसलीय. बाई पोटुशी आहे. ती पाण्याचा तांब्या देते आणि हळूच म्हणते, आजचा दिस ऱ्हा.

"का?" मी विचारलं.

"ते ती सांगत न्हाई. सासू बसलीया न्हवं का."

"मग मी राहते. मी वैदू आहे, माझ्याकडे औषध आहे."

"ऱ्हाती?" मावशीनं विचारलं. तिनं पहिल्यांदाच वर मान करून माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते. "दूद ठेवलंय चुलीवर," असं म्हणून ती आत गेली आणि त्या दिवशी परत बाहेर आली नाही.

आम्हाला मात्र भलतंच काही सापडल्याचा आनंद झाला होता. इतके पावसाळे खेळलो आणि ते घर आजवर कुणी उघडलंच नव्हतं, हे मी चाळभर सांगत फिरले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच त्या घरात जायचं होतं. मीठ कुणाला नको होतं. "मी पण बसतो. मी पण राहतो." मावशी तुटक उत्तरं देत होती. मग दिनूनं विचारलं, "त्या बाईला मूल झालं का? जगलं का ते?"

मावशीनं कवड्या गोळा केल्या, पदराच्या टोकाला बांधल्या आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता खेळ."

तिनं व्हरांड्यात बसणंच सोडलं. आईनं मला विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. आई माझ्यावर रागावली नाही, पण हातातलं काम टाकून मावशीकडे गेली. मीही मागोमाग गेले आणि दारापाशी उभी राहिले. मला कुणी घालवलं नाही.

ते घर मावशीच्या धाकट्या बहिणीचं होतं. हमीदाचं. बऱ्याच वर्षांपूर्वी मावशी माहेरून परतताना वाट वाकडी करून तिच्याकडे डोकावली होती. हमीदा म्हणाली, "आपा, आजचा दिस ऱ्हा." मावशीला संध्याकाळची पॅसेंजर गाठायची होती, नवरा ड्यूटीवरून उपाशी येणार होता. ती निघाली. त्याच रात्री हमीदाला कळा सुरू झाल्या. दिवस भरले नव्हते. सासूनं सुईणीला वेळेवर बोलावलं नाही आणि मूल गेलं. मावशीला हे कळलं तेव्हा बरेच दिवस उलटले होते.

"आदी लाज वाटली म्हनून गेले न्हाई," मावशी म्हणाली. "मंग इतके दिस गेले न्हाई, ह्याचीच लाज वाटाय लागली. तिची सासू मेली, तवा बी गेले न्हाई. तिला फुडं दोन पोरं झाली, ती बी म्या बगितली न्हाईत."

"मग खेळात ते घर कशाला ठेवलंत?" आईनं विचारलं.

"कुनीतरी बसंल असं वाटायचं. आन कुनी बसलं न्हाई की बरं बी वाटायचं. मी मनात म्हनायची, समदेच जात्यात फुडं, म्या एकटीच न्हाई."

आई म्हणाली, "आपण जाऊ. मी येते तुमच्याबरोबर."

पाऊस ओसरल्यावर आम्ही तिघी कामशेतला उतरलो आणि शेतांच्या बांधावरून चालत गेलो. मावशी वाटेत दोनदा बसली. थकली नव्हती, मागे फिरायचं निमित्त शोधत होती. आईनं तिचा हात धरला आणि सोडला नाही.

हमीदा, जिला मी पुढे खाला म्हणजे मावशी म्हणू लागले, अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडत होती. मावशीपेक्षा धाकटी, पण केस तिच्याहून पांढरे. तिनं बहिणीला ओळखलं, हात पुसले, घोंगडी अंथरली. आम्हाला गुळाचा चहा दिला. माझं नाव विचारलं, आईला शेंगा बांधून दिल्या. दोघी बहिणी पीकपाण्याचं बोलल्या. शेवटी मावशीनंच विषय काढला.

"हमीदा, त्या दिशी तू मला ऱ्हा म्हनाली व्हतीस."

"कवा?"

"तुजं पयलं... त्याच्या आदल्या दिशी."

हमीदाखाला चहाच्या भांड्याकडे बघत म्हणाली, "मला न्हाई बाई आठवत. लय वर्सं झाली."

येताना गाडीत आई समाधानानं म्हणाली, "बघा, तिच्या मनात काही नव्हतं. उगाच इतकी वर्षं जिवाला लावून घेतलंत." मावशीनं मान हलवली. बऱ्याच वेळानं ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तिला आठवतंय."

त्यानंतर मावशी नेमानं बहिणीकडे जाऊ लागली. गेली की मुक्काम केल्याशिवाय परतायची नाही. भाच्यांच्या लग्नांत राबली, हमीदाखालाला हिवताप झाला तेव्हा महिनाभर तिथंच राहिली. पण तिच्यात एक प्रकारचा संकोच कायम राहिला. परत आली की आई विचारायची, "काय म्हणते बहीण?" मावशी म्हणायची, "लय करती माजं. जेवल्याबिगर सोडत न्हाई." ते सांगताना तिचा चेहरा उतरलेला असायचा.

माझं लग्न होऊन मी पुण्याला गेले. पुढे काही वर्षांनी मावशी गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी लोणावळ्याला धावले. पुरुषमंडळी दफनाला गेली होती. मावशीच्या घरात चूल पेटणार नव्हती, म्हणून आईनं पिठलंभात करून पाठवला होता. मी तो हमीदाखालापुढे ठेवला. तिनं ताट बाजूला सारलं आणि माझा हात धरून मला बसवलं.

"त्या दिशी तू बी आलतीस," ती म्हणाली.

"हो."

"मला आठवत व्हतं, बाय. समदं आठवत व्हतं. लय वर्सं म्या तिच्यावर राग धरला व्हता. ती दारात दिसली, तवा वाटलं, चांगलं भांडावं. पन तू आनि तुजी आई व्हता संगं. परक्या मानसांम्होरं भनीला कसं बोलायचं? म्हनून म्हनलं, न्हाई आठवत."

"नंतर का नाही बोललात? त्या तर नेहमी यायच्या."

"एकदा आठवत न्हाई म्हनल्यावर मंग कसं काडायचं? एकदा भांडले असते तर तिला बरं वाटलं असतं. मला बी." तिनं माझा हात सोडला. "दर खेपंला यायची आनि माज्या तोंडाकडं बगत बसायची. मला कळायचं, ती कशाची वाट बगतीया. मी उटायची आनि तिला जेवाय वाडायची."