शेजाऱ्याची धामण

तलासरीजवळच्या टेकडीवर आम्ही घर बांधलं ते नोटबंदीच्या आदल्या वर्षी. उतारावर आठ-दहा घरं, वरच्या अंगाला उघडा माळ, त्यापलीकडे जंगल. माळावरचं गवत वाळलं की घुशी खाली उतरत आणि माझं अंगण पोखरत. सकाळी दार उघडावं तर जागोजागी ताज्या मातीचे ढिगारे. शेजारच्या अंगणात मात्र एकही नाही. आमच्यामध्ये फक्त काटेरी तारेचं कुंपण होतं, आणि घुशी कुंपणाचा मान राखतात असं माझ्या तरी ऐकिवात नव्हतं.

शेजारी निवृत्त अधिकारी. फाटकावरच्या पाटीवर नावापेक्षा हुद्दा मोठा होता आणि ‘निवृत्त’ हा शब्द इतका बारीक, की तो वाचायला चष्मा पुसावा लागे. त्यांनी घराभोवती लॉन लावलं होतं. संध्याकाळी ते त्यावर अनवाणी फिरत आणि मी कुंपणाआडून पाहत असे.

माझ्याकडे लॉन नव्हतं, चिकूचं एक कलम होतं. समुद्रकाठच्या झाई गावात आमची चिकूची वाडी होती. वाटणीत ती धाकट्या भावाकडे गेली. तिथलं वडिलांच्या हातचं झाड मला हवं होतं, पण झाड काही वाटून घेता येत नाही. म्हणून सरावली गावच्या एका माणसाकडून त्या झाडाच्या फांद्यांची रायणीच्या, म्हणजे खिरणीच्या, खुंटांवर तीन कलमं बांधून घेतली. जगलं एक. पुढे भावाने गाडी उभी करायला जागा हवी म्हणून मूळ झाड तोडलं. आता वडिलांचं म्हणावं असं तेवढं एक कलमच उरलं होतं, आणि एका सकाळी मातीचा ढिगारा त्याच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर दिसला.

मी पिंजऱ्यात सुका बोंबील लावला. त्यात शेजारच्या साहेबांची मांजर सापडली. ती परत द्यायला गेलो तेव्हा साहेबांनी मला लॉनमध्ये रोवलेलं एक यंत्र दाखवलं. ते मुंबईहून आणलं होतं आणि नारळ फोडून बसवलं होतं.

“यातून ध्वनिलहरी निघतात,” साहेब म्हणाले. “माणसाला ऐकू येत नाहीत. फक्त घुशींना येतात.”

साहेबांचं भाषण नेमकं उलट होतं. ते माणसांना ऐकावं लागे आणि घुशी सुटत. पण लॉन गुळगुळीत होतं, त्यापुढे माझा विनोद काय कामाचा? मी गुपचूप तसलंच यंत्र मागवलं. चौथ्या दिवशी घुशींनी त्याच्याच बुडाशी ढिगारा केला आणि यंत्र कलंडलं.

“त्यांना गाणं आवडलेलं दिसतंय,” बायको म्हणाली.

शेवटी जवळच्या पाड्यावरून एका म्हाताऱ्याला बोलावलं. भातकापणी झाली की तो शेताच्या बांधांवर उंदरांची बिळं खणत असे. त्याच्या बोलीत अहो-जाहो नव्हतंच; तो मला ‘तू’ म्हणे आणि कुंपणापलीकडच्या साहेबांनाही ‘तू’च. एवढ्यासाठीच तो मला आवडला.

त्याने आधी बिळाची सगळी तोंडं शोधली आणि दोन सोडून बाकीची चिखलाने बुजवली. मग बुडाला भोक पाडलेल्या मडक्यात ओला पेंढा आणि मिरच्या पेटवून ते मडकं एका तोंडाला लावलं आणि मागून फुंकत बसला. दुसऱ्या तोंडातून दोन घुशी खोकल्यासारखा आवाज करत बाहेर आल्या. त्या त्याने काठीने टिपल्या. मग कलमाजवळची माती हाताने उकरून पाहिली.

“अर्धं मूळ खाल्लंय,” तो म्हणाला. “अर्ध्यावर जगेल. पण धूर एका वर्षाचा, पुढल्या साली दुसऱ्या येतील. तुझ्या बांधात धामण होती ना? ती कुठं घालवली?”

मला आठवलं. पहिल्याच वर्षी दगडी बांधात धामण दिसली होती. बायको किंचाळली, मी डहाणूहून सर्पमित्राला बोलावलं, त्याने ती पिशवीत घालून माळावर सोडली. मग मी बांधाच्या सगळ्या फटी सिमेंटने बुजवून घेतल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते काम कौतुकाने दाखवलं.

म्हाताऱ्याने शेजारच्या बांधाकडे बोट केलं. दगडांच्या फटीत कात लोंबत होती. “ती बघ. त्याच्याकडं राहते.”

साहेबांच्या बांधाला सिमेंट नव्हतं. ठेकेदाराने काम अर्धवट सोडलं होतं आणि साहेब त्याच्याशी पत्रव्यवहार करत होते. म्हणजे यंत्र नव्हे, लहरी नव्हेत. माझ्याच हाकललेल्या धामणीच्या जिवावर ते अनवाणी फिरत होते! माणसाचा हेवा मी केला होता, लॉनचा आणि यंत्राचाही केला होता. सापावरून जळायची वेळ प्रथमच आली.

त्याच आठवड्यात मी छिन्नी घेऊन बांधातलं सिमेंट फोडायला बसलो. धामण येईना. तिचं तिकडे बरं चाललं होतं.

महिनाभराने एका सकाळी साहेबांची हाक आली. ते खुर्चीवर उभे होते. “नाग आहे हो! बांधात शिरला! तुमच्याकडे त्या सर्पमित्राचा नंबर आहे ना?”

मी वाकून पाहिलं. धामणच होती. आता खरं बोलायला इतकी सुरेख संधी पुन्हा आली नसती: साहेब, तुमचं यंत्र बिनकामाचं आहे, लॉन हिने राखलं. पण तसं म्हटलं असतं तर त्यांनी ती ठेवून घेतली असती, आणि माझं कलम अर्ध्या मुळावर उभं होतं.

“नाग नाही, धामण आहे. विषारी नाही,” मी म्हणालो. “पण तुम्हाला तिची गरज काय? तुमच्याकडे यंत्र आहे.”

“तेही खरंच,” साहेब खुर्चीवरून म्हणाले.

“उत्तम यंत्र आहे,” मी म्हणालो. इतकं कडू वाक्य मी उभ्या आयुष्यात उच्चारलं नव्हतं.

सर्पमित्र आला. साहेब घरात गेल्यावर मी धामण माझ्या बांधात सोडायला सांगितली, तेव्हा त्याने मला ओळखलं आणि नुसता हसला. पिशवीचं तोंड उघडताच ती मी फोडलेल्या फटीत सरळ निघून गेली.

पुढच्या पावसाळ्यात कलमाला तांबूस पालवी फुटली. दिवाळीनंतर गवत वाळलं आणि साहेबांच्या लॉनवर पहिला ढिगारा आला, मग आणखी पाच. साहेब यंत्रापाशी बसून बॅटरी बदलत. एकदा त्यांनी मान वर करून माझ्या अंगणाकडे बराच वेळ पाहिलं. ती नजर माझ्या ओळखीची होती.

“तुमच्याकडे कोणतं यंत्र आहे हो?”

“तुमचंच, साहेब.”

घरात शिरलो तर बायको दारामागेच उभी होती. “झालं समाधान?”

खरं सांगायचं तर झालं नव्हतं. सहा ढिगारे धरूनही त्यांचं अंगण माझ्यापेक्षा हिरवं दिसत होतं.