पोट खाली, पाठ वर

पोट खाली, पाठ वर. बर्फात मासा असा ठेवायचा. पोट साफ केलेलं असतं, त्यात पाणी साचत नाही, मासा टिकतो. ही रीत माझ्या बायकोच्या माहेरची, कारवारकडची. ती वैशाखात गेली. चामराजपेटेतल्या आमच्या गाड्यावर मासळीचं खोकं तीच उघडायची. मला नुसतं विकता येतं.

तिचा धाकटा भाऊ बोटीवर खोकी भरायला आहे, माझं खोकं त्याच बोटीवरून यायचं. तिथं त्याला मी लावला. मला माल पाठवणाऱ्या एजंटाला माणूस हवा होता, मी म्हटलं आमचा आहे. बायको नको म्हणत होती. ऐकलं नाही.

बहीण गेली तरी तो आला नाही. बाराव्या दिवशी कुणाच्या तरी फोनवरून बोलला. "दाजी, आधार कार्ड मालकाकडं आहे. उतरू देत नाहीत. होडी येते, भरलेली खोकी घेऊन जाते, आम्ही इथंच." त्यानंतर फोन लागेना. पुढं पावसाळ्याची मासेमारीबंदी लागली, सगळ्यांच्या बोटी किनाऱ्याला आल्या. ह्या मालकाची चोरून चालूच. एजंट म्हणाला, स्वल्प थांबा अण्णा, येईल. मी सरी, बरं, म्हटलं आणि माल घेत राहिलो.

खोटं कशाला बोलू, माल बंद केला तर तो जिता आहे हे मला कळणार कसं? रोज सकाळी झाकण उघडायचो. पोट खाली, पाठ वर, तोंडं सगळी एकीकडं. आहे, म्हणायचो. मग चहा घशाखाली उतरायचा.

एका मंगळवारी मासे कसेही फेकलेले. बुधवारीही तसंच. एजंटाला विचारलं तर म्हणाला, भरणारा बदलला असेल, तुम्हाला काय करायचंय.

गाडा झाकला. खोकं रिक्षात घातलं आणि पोलीस स्टेशनात नेलं. वास येतो म्हणून साहेबानं ते दाराबाहेर ठेवायला लावलं. बंदीतला माल तुम्हीच विकत होता का, विचारलं.

"होय. माल मीच विकला, माणूसही मीच दिला. आधी ते लिहा. मग त्याला शोधा."

त्यानं बोटीचं नाव विचारलं. ते मी कधी विचारलंच नव्हतं. एजंटाचा नंबर तेवढा होता, तो दिला.

आता गाडा बंद आहे. खोकं येत नाही. तो आहे की नाही, सकाळी उठून बघायला काही उरलं नाही.