टाचेखालचा दिवा

पेणजवळच्या गडब गावाच्या वरच्या अंगाला कातकरवाडी. तिथली आवडी आणि तिचा नवरा रवी हायवेलगतच्या वीटभट्टीवर कामाला जात. भट्टी सुटेपर्यंत अंधारून यायचं आणि घरी यायला हायवेच्या कडेशिवाय वाट नव्हती. आदल्या वर्षी तिथेच आवडीचा भाऊ पांडू टेम्पोखाली गेला. माणूस दिसलाच नाही, असं ड्रायव्हर म्हणाला होता. तेव्हापासून दिवस कलला की आवडी काम सोडून हायवेकडे बघत राही. टॉर्च होती, पण सेल संपले की ती कोनाड्यातच पडून राही.

नाक्यावर शेगड्या आणि लायटर दुरुस्त करणारा सुशील बसे. त्याच्यापाशी ती एकदा हे सगळं बोलून गेली. लायटरचा खटका दाबला की सेलाशिवाय ठिणगी पडते, मग पावलाच्या दाबावर दिवा का लागू नये, असं त्याच्या मनात आलं. मोडक्या खेळण्यांच्या भोंग्यांतल्या पातळ पितळी चकत्या दाबल्या की इवलीशी वीज देतात. त्या त्याने रबरी चपलांच्या टाचेत बसवल्या आणि मागे लाल दिवा लावला. पाऊल पडलं की दिवा लुकलुके. दोघांनाही एकेक जोड दिला.

वाडीतली माणसं त्यांना काजवे म्हणून हसली. पण गाड्या आता लांबूनच बाजूला होऊ लागल्या. रवी तर मुद्दाम पाय आपटत चाले. आवडीला कितीतरी दिवसांनी नीट झोप लागली.

शिमगा सरला त्या आठवड्यात, घरी येताना रवीच्या चपलेचा पट्टा निसटला.

"तू हो गो पुढं, मी आलोच," तो म्हणाला.

तो कडेला उकिडवा बसून पट्टा ओवू लागला. पाय थांबले तसा दिवाही विझला. आवडी थोडी पुढे गेली असेल, मागे टायर करकचून घासल्याचा आवाज आला. ती उलटी धावली. रवीत काही उरलं नव्हतं.

दिवसकार्याला सुशील वाडीवर आला. माणूस थांबेल हे आपल्या डोक्यातच आलं नाही, एवढंच तो कसाबसा म्हणाला.

"चालत व्हता तवर समद्यांना दिसला," आवडी म्हणाली. "बसला तवा कुनालाच नाय."

सुशीलने नंतर वाडीतल्या सगळ्यांच्या टोपल्यांना, घमेल्यांना गाडीच्या उजेडात चमकणाऱ्या पट्ट्या चिकटवून दिल्या. आवडीने भट्टी सोडली. आता ती वाडीखालच्या वालाच्या शेतात मजुरीला जाते. तिथे काम कधी असतं, कधी नसतं. पेणच्या बाजाराला जायचं झालं तर सकाळची एसटी धरते आणि खरेदी अर्धवट राहिली तरी ऊन असेतो घरी परतते.