खाणीच्या काठावरची हजेरी

मुलांनो, तुमच्या आजीचं सहसा चुकत नाही. पण एकदा चांगलंच चुकलं, ते सांगते.

जबलपूरपासून तासाभरावरच्या एका गावात संगमरवराची खाण होती. ती बंद पडली, खड्ड्यात पाणी साठलं आणि पुढे ते हिरवं पाणी बघायला शहरातली माणसं येऊ लागली. त्यांना खाण दाखवायला गाइड नेमायची होती. मूळच्या भंडाऱ्याच्या, खाणीत उभा जन्म दगड वाहिलेल्या एका बाईंना ते काम हवं होतं. नाहीतर गाव सोडून लेकाकडे नागपूरला जावं लागणार होतं. मी इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. त्यांना तयार करायचं मी मनावर घेतलं.

मी दोन पानी भाषण लिहून दिलं. त्यांनी ते पाठ केलं, पण एका गोष्टीवर अडून बसल्या. सुरुंग उडवण्याआधी खाणीत रुळाचा लोखंडी तुकडा घंटेसारखा वाजवून एकेकाचं नाव पुकारायचे. सगळे वर आले की मगच वात पेटवायची. पाहुण्यांचीही तशीच हजेरी घ्यायची, असं वाक्य त्यांनी भाषणाखाली लिहून आणलं.

"पाहुणे आहेत ते, मजूर नाहीत," म्हणत मी ते वाक्य लाल पेनाने खोडलं.

"काहून खोडता जी? खड्डा तर तोच आहे."

निवडीच्या दिवशी पर्यटन खात्याचे साहेब आणि सात पाहुणे आले. बाईंनी सगळ्यांची नावं विचारून घेतली, मग भाषण घडाघडा म्हटलं. साहेबांनी जांभई दिली. "चला, झालं," मी म्हणाले.

त्या हलल्याच नाहीत. खाणीच्या काळापासून झाडाला टांगलेला तो रुळाचा तुकडा दणादण वाजवून त्यांनी नावं पुकारली. साहेबांच्या नावाला ओ आली नाही. ते फोटो काढायला खालच्या पायरीवर उतरले होते, आणि शेवाळावरून घसरून अर्धवट लटकले होते!

"साहब, हिलना मत!" बाई वरून ओरडल्या. "बायाँ हाथ पत्थर पे. पैर मेरे बोलने पे."

एकेक पाऊल सांगत त्यांनी साहेबांना वर आणलं. चिखलाने माखलेले साहेब धापा टाकत म्हणाले, "दीदी, कल से ये रोज़ बजाना."

घरी येऊन मी भाषण अर्ध्या पानाचं केलं आणि हजेरी सर्वांत वर लिहिली. तुम्ही खाण बघायला आलात की तुमचीही नावं पुकारली जातील. मोठ्याने ओ द्या.