तिसऱ्या पिंपाची खोडी

तुझ्या मालकीणबाईंचा परवा फोन आला होता. तू निवृत्त होतोयस, कारखान्यात छोटासा कार्यक्रम आहे, आणि तुझ्यावर कुणीतरी दोन पानं लिहायला हवीत, असं म्हणाल्या. कुणीतरी म्हणजे मी, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. मी हो म्हटलं. तुला विचारलं असतं तर 'ताई, कशाला ते' म्हणाला असतास, म्हणून विचारलं नाही. कष्टाळू, मनमिळाऊ वगैरे मी काही लिहिणार नाही. मनमिळाऊ तर तू नाहीसच. मी फक्त पिंपाचं लिहिणार. तुझ्याबद्दल लोकांना जे कळायला हवं ते सगळं त्यात येतं. आणि यापुढे तुला 'तो' म्हणणार आहे, आणि मला 'त्याची बहीण'. 'तू' म्हटलं की तू मध्ये तोंड घालतोस, कागदावरसुद्धा.

तर तो.

तो बिअर करायला लागला तेव्हा सदतीस वर्षांचा होता, आणि तोवर बिअर त्याने दोनदाच चाखली होती, तीही कुणाचं मन मोडायला नको म्हणून. त्याआधीची अकरा वर्षं दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत गेली. पांढरा कोट, काचेच्या नळ्या, आणि आलेल्या प्रत्येक टँकरमधलं दूध आंबलंय का ते बघायचं. त्या नोकरीत 'आंबट' हा शब्द फक्त लाल शाईने लिहीत. मग ती डेअरी एका मोठ्या डेअरीने गिळली, प्रयोगशाळा दुसऱ्या शहरात गेली आणि हा घरी बसला. त्याच सुमाराला गल्लीच्या टोकाला, बंद पडलेल्या छापखान्याच्या शेडमध्ये, एका बाईंनी नवऱ्यामागे त्याचा छोटा बिअरचा कारखाना चालवायला घेतला होता. त्यांना स्वच्छतेचं वेड असलेला माणूस हवा होता. वेडात हा कमी पडणं शक्यच नव्हतं. सख्ख्या बहिणीकडे चहाला आला तरी आधी कप हुंगतो.

शेडमध्ये तीन लाकडी पिंपं होती. छातीएवढी उंच, वरून उघडी. माल्ट शिजवून काढलेलं गोड पाणी त्यांत ओतायचं, त्यावर आधीच्या खेपेतून काढून ठेवलेलं यीस्ट घालायचं आणि पाच-सहा दिवस ते आंबू द्यायचं. या काढून ठेवलेल्या यीस्टला तो पहिल्या आठवड्यापासूनच विरजण म्हणायला लागला. डेअरीची सवय. हळूहळू सगळेच विरजण म्हणू लागले, आणि त्यालाही 'दूधवाले' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. बिअर एकच व्हायची, तांबूस रंगाची. तिला सगळे तांबडी म्हणत. पुढच्या खोलीत सहा टेबलं आणि एक फळा. आज नळाला कितव्या पिंपाची तांबडी आहे, तो आकडा फळ्यावर लिहायचा.

एक आणि दोन नंबरच्या पिंपांशी त्याचं काही वाकडं नव्हतं. तीन नंबरच्या पिंपात मात्र काहीतरी होतं. त्याच्या लाकडात, दोन फळ्यांच्या सांध्यात कुठेतरी, यीस्टची एक जंगली जात घर करून बसली होती. त्या पिंपाच्या बिअरला हिरव्या सफरचंदाच्या सालीसारखा आंबटपणा यायचा आणि गिळल्यावर मागून ओल्या लाकडाचा वास. खेप कुठलीही असो, उन्हाळा असो की थंडी, हा पाहुणा हजर.

त्याने पिंप उकळत्या पाण्याने धुतलं. सोड्याने घासलं. सांधे खरवडून मेणाने बुजवले. तीन नंबरचं विरजण वेगळ्या बरणीत ठेवलं, तिथला झारा वेगळा, फडकं वेगळं, जसं काही घरात कुणाला गोवर आलाय. काहीही फरक पडला नाही. तो याला खोड म्हणायचा. "तीन नंबरची खोड अजून गेली नाही," असं दर दोन महिन्यांनी मालकीणबाईंना सांगायचा, तोंड पाडून.

पुढच्या खोलीतली मंडळी त्याच चवीला खोडी म्हणायची. एका वेलांटीचा फरक. पण त्या वेलांटीत एकोणीस वर्षं गेली.

कारण लोक खोडीसाठीच यायचे. फळ्यावर तीन आकडा दिसला की दातांच्या डॉक्टरीणबाई शेवटच्या पेशंटला उद्या बोलावत. कोपऱ्यावरचा शिंपी गळ्यात टेप तशीच ठेवून येऊन बसे. बसवर तीस वर्षं काढलेला ड्रायव्हर तर दारातूनच ओरडायचा, "दूधवाले, आज खोडी आहे का?" आणि याला वाटायचं, हा माणूस चारचौघांत माझी चूक विचारतोय. मध्यंतरी त्याने फळ्यावर आकडा लिहिणंच बंद केलं. लोकांनी पहिल्या घोटात ओळखलं. ड्रायव्हर म्हणाला, "पाटी काढली म्हणून काय, गाडी कुठली ते आम्हाला कळत नाही होय?"

याला हवं होतं एवढंच: नोकरी संपायच्या आत, बोट ठेवायला जागा नाही अशी बिअर आपल्या हातून नळाला लागावी, आणि लोकांनी ती आपणहून मागून प्यावी. दुसरी कसलीही हौस या माणसाला नव्हती. बायको म्हणायची, "इतकं लक्ष माझ्याकडे दिलं असतं तर मीसुद्धा निर्दोष झाले असते."

पिंपंच बदला, हे त्याचं म्हणणं विसाव्या वर्षी मालकीणबाईंनी ऐकलं. लाकडी पिंपं निघाली, सुताराने फळ्या सुट्या करून नेल्या. त्यांच्या जागी स्टीलच्या तीन बंद टाक्या आल्या. बाहेरून थंड पाणी फिरवणारं आवरण, तापमान एकच, अठराच्या वर नाही आणि खालीही नाही. आणि यीस्ट पाकिटातलं, प्रत्येक खेपेला नवं, कोरडं, जाहिरातीतल्या सुनेसारखं आज्ञाधारक. जुनं विरजण बरण्यांसकट बाहेर काढून याने स्वतः मोरीत ओतलं आणि वर दोन बादल्या उकळतं पाणी. हे त्याने कुणाला विचारलं नाही आणि सांगितलंही नाही.

पहिली खेप तयार झाली. त्याने ग्लास उजेडात धरला. पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं. चाखून बघितली. माल्टचा गोडवा, हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा, संपलं. मागून कुणी येत नव्हतं. त्या दिवशी तो चार वाजता, म्हणजे दार उघडायच्या वेळी, पुढच्या खोलीत जाऊन भिंतीशी उभा राहिला. वीस वर्षांत पहिल्यांदा.

तिघांनी पहिला घोट घेतला. डॉक्टरीणबाईंनी दुसरा घोट घेतला आणि ग्लासकडे बघितलं, एक्स-रे बघतात तसं.

"काय झालंय हिला?" शिंपी म्हणाला.

"आंघोळ घातलीय," ड्रायव्हर म्हणाला. "तांबडीला आंघोळ घालून, पावडर लावून बसवलंय."

"बिअर चांगलीच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण कुणाची आहे?"

शिंप्याने भिंतीकडे पाहिलं. "दूधवाले, काल कुणी गेलं का हो कारखान्यात? नाही, चव अशी सुतकी आहे म्हणून विचारलं."

विरजण बंद केलं आणि याच्या आनंदावरच विरजण पडलं, असं त्याची बहीण तेव्हा म्हणाली. त्याला विनोद आवडला नाही. विनोद त्याला एरवीही आवडत नाहीत.

पुढचे दोन महिने लोक येत राहिले, पण एकाच ग्लासावर उठायला लागले. हाताने केलेली बिअर पिणारी जमात मोठी हट्टी. त्यांना चवीपेक्षा आपण चव ओळखतो याची चव जास्त. कुणी म्हणे पाणी बदललं, कुणी म्हणे मालकीणबाई आता कारखाना विकणार, ही त्याची तयारी. एकाने तर स्टीलला गंज चढला की खोडी परत येईल असं छातीठोकपणे सांगितलं. ड्रायव्हरने ग्लासाखाली ठेवायच्या पुठ्ठ्याच्या चकत्यांवर सह्या गोळा केल्या. एकतीस चकत्या. प्रत्येकीवर एकच शब्द, खोडी, आणि खाली सही. त्या चकत्यांची चळत त्याने मालकीणबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली.

मालकीणबाईंनी याला बोलावलं.

"एक टाकी जुन्या पद्धतीने करा."

"पिंपं नाहीत."

"पिंपाचं काय करायचंय? तुम्हीच म्हणता ना, ती जात विरजणात उतरते. तीन नंबरचं विरजण घाला."

त्याने वरची चकती उचलून सही वाचली.

"टाकलंत?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

मालकीणबाईंनी चकत्या नीट रचून पुन्हा एकावर एक ठेवल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो नंतर म्हणाला. "मग शोधा कुठून तरी," त्या म्हणाल्या. "पुढच्या सोमवारी मला ती टाकी लागलेली हवी."

म्हणजे जी खोड काढायला वीस वर्षं घालवली, ती आता याने स्वतःच्या हाताने स्वच्छ टाकीत घालायची, निगुतीने वाढवायची, आणि जगली की नाही ते रोज बघायचं. त्या रात्री त्याने जेवताना भाकरी-भाजी काय आहे तेही बघितलं नाही, असं बायको सांगते. मंगळवारी सकाळी बहिणीला फोन केला.

"ताई, ते विरजण आहे का अजून?"

"कुठलं?"

"पावाचं. चार वर्षांपूर्वी नेलं होतंस ते."

बहिणीला आठवलं. एकदा कारखान्यात गेली असताना पावाला म्हणून तिने वाटीभर यीस्ट मागून घेतलं होतं, आणि नेमकं त्या दिवशी हाताशी होतं ते तीन नंबरचं. देताना याने दहा सूचना दिल्या होत्या. तेव्हापासून दर रविवारी ती त्यातलं थोडं पावाला घेते आणि उरलेल्यात पीठपाणी घालून ठेवते.

"आहे की. फ्रिजमध्ये, दुसऱ्या फळीवर."

"जिवंत आहे?"

"माझ्यापेक्षा जास्त."

मग म्हणाला, "घेऊन येशील? बरणीच आण. मला यायला जमणार नाही, टाक्या धुवायच्यात."

"गुरुवारी येते."

"गुरुवारी चालेल."

चालेल म्हणाला, पण दाढ काढायला कधी येऊ असं विचारल्यावर माणूस चालेल म्हणतो, तसं.

बुधवारी चार वाजता तो पुन्हा पुढच्या खोलीत गेला. या वेळी भिंतीशी उभा राहिला नाही. खुर्ची ओढून त्या तिघांच्या टेबलाशी बसला. एप्रन काढायचं विसरला होता.

"ती खोडी नव्हती," तो म्हणाला. "खोड होती. लाकडात जंगली यीस्ट शिरलं होतं. डेअरीत असतो तर सगळी खेप गटारात ओतली असती. मी वीस वर्षं ते काढायचा प्रयत्न करत होतो. तुम्ही रोज विचारायचात, आणि मला रोज लाज वाटायची."

इतकं लांब बोलणं या माणसाच्या तोंडून तिथे कुणी ऐकलं नव्हतं.

"म्हणजे आम्ही वीस वर्षं आजारी बिअर पीत होतो?" ड्रायव्हरने विचारलं.

"हो."

"अहो मग बरी झाली तेव्हा सांगायचं तरी," शिंपी म्हणाला. "भेटायला आलो असतो."

ड्रायव्हर हसला नाही. "आम्हाला आवडत होती ना पण? चूक तुमची असेल, चव आमची होती." असं म्हणून तो ग्लास अर्धा ठेवून उठला आणि दोन आठवडे फिरकला नाही. नंतर आला. कुरकुरत का होईना, पूर्ण ग्लास पिऊन गेला.

डॉक्टरीणबाई मात्र बसून राहिल्या. "माझे पेशंट किडका दात काढल्यावर तीन-तीन महिने जीभ तिथेच फिरवतात," त्या म्हणाल्या. "सारखी त्या खड्ड्यात. म्हणतात, चुकल्याचुकल्यासारखं होतंय."

"मग?"

"मग काय. परत बसवून द्या म्हणून अजून कुणी आलं नाही." त्यांनी ग्लास पुढे सरकवला. "भरा."

त्याने स्वतः नळ सोडून ग्लास भरला, फेस काढला, आणून ठेवला. मग आत जाऊन टाकीचं तापमान बघितलं. अठरा.

गुरुवारी सकाळी बहिणीने बरणीचं झाकण घट्ट केलं, टॉवेलात गुंडाळली आणि कापडी पिशवीत ठेवून पिशवी दाराच्या कडीला अडकवली. निघायच्या आधी त्याचा फोन येईल, किती वाजता येतेस, झाकण नीट लावलंस का, हलवू नकोस वगैरे, म्हणून थांबली. सूचना न देता तो कुणाकडून काडेपेटीसुद्धा मागवत नाही. फोन आला नाही. तिनेही केला नाही. अकराच्या सुमाराला तिने पिशवी काढली आणि बरणी पुन्हा दुसऱ्या फळीवर ठेवली.

सोमवारी मालकीणबाईंनी विचारलं, "विरजणाचं काय झालं?"

"बहिणीकडे आहे. आणायचंय."

त्याच्या पुढच्या सोमवारीही त्यांनी विचारलं. "आणायचंय," तो म्हणाला, आणि पाकीट फोडून नेहमीचं यीस्ट टाकीत घातलं. तिसऱ्या सोमवारी त्यांनी विचारलं नाही.

त्यानंतर बहीण तीनदा कारखान्यात जाऊन आली. एकदा त्याचा विसरलेला चष्मा द्यायला, एकदा सहज, एकदा पाऊस लागला म्हणून. तिन्ही वेळा त्याने तिला ग्लास भरून दिला आणि समोर बसून ती पिते कशी ते बघितलं. बरणीचं नाव त्याने काढलं नाही, आणि तिनेही तिन्ही वेळा बरणी घरीच, दुसऱ्या फळीवर, ठेवली होती.