सत्तर पानांचा पुडा

शिक्षक होऊ पाहणाऱ्या तरुणांना वर्षभर आश्रमशाळेत ठेवायचं आणि अनुभवी शिक्षकासोबत वर्गावर उभं करायचं, असा आमच्या संस्थेचा कार्यक्रम आहे. निवड मे महिन्यात, चंद्रपूरला होते. ‘गोंडी बोलणाऱ्यांना प्राधान्य’ ही ओळ पत्रकात मीच घातली होती. उमेदवाराने दहा मिनिटांचा पाठ घ्यायचा आणि आम्ही दोघा परीक्षकांनी सतरंजीवर बसून तिसरीची मुलं व्हायचं, ही आमची रीत.

त्या वर्षी शेवटच्या एका जागेसाठी धानोऱ्याकडची एक गोंड मुलगी आली. दशक शिकवायला तिने पिशवीतून विडीची, तेंदूची पानं काढली.

“एका पुड्यात किती पानं असतेत?”

“दहा!” पुण्याहून आलेल्या मॅडम लहान मुलासारख्या ओरडल्या.

“नाई बाई, सत्तर. चला, बांधा बरं.”

पानं हातात आली आणि मी देठ जुळवून, थर दाबून, सालीची गाठ मारून मोकळा झालो. मॅडमच्या मांडीवर अजून पसारा होता.

“सर, तुमाले त येते बांधता!” मुलगी हरखून म्हणाली. “कोन्या गावचे जी तुमी?”

“सर हुशार विद्यार्थी निघाले की!” मॅडम हसल्या.

“नाही, सहज जमलं,” मी म्हणालो.

सहज नव्हतं. सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात दहावीपर्यंतचा प्रत्येक उन्हाळा मी आईबरोबर ठेकेदारासाठी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधण्यात काढला होता.

तेवढ्यात वेळ संपली. पुडा सोडून तिला त्यातून दहा-दहाच्या सात जुड्या करायच्या होत्या, हे मला स्वच्छ दिसत होतं. मॅडमनी शेरा लिहिला : दशकाची संकल्पना स्पष्ट नाही.

“तुम्हाला काय वाटतं, सर?”

एक वाक्य पुरलं असतं. पण मग मला कसं माहीत, तेही सांगावं लागलं असतं. नोकरीतल्या पहिल्या बैठकीत मी ‘मले वाटते’ म्हणालो आणि सगळे हसले, तेव्हापासून मी पुस्तकासारखं बोलतो. वीस वर्षं हाच माणूस या लोकांना माहीत आहे. आता त्याच्यातून बाहेर यायचं कुठून?

“बरोबर आहे,” म्हणालो आणि खाली सही केली. जागा शहरातल्या उमेदवाराला गेली.

निकाल कळवायचं काम माझ्याकडेच होतं. फोनवर ती रडली नाही.

“माहं काय चुकलं, सर? सांगा. पुढल्या साली सुधारीन.”

तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं. खोलीत कुणीही नव्हतं.

“काड्या वापरा,” मी म्हणालो. “दहा-दहाच्या जुड्या करून आणा.”

“अन् पानं?”

“पानं नका आणू.”

“बरं सर.” ती लिहून घेत असावी, कारण एकेक शब्द थांबून थांबून उच्चारत होती. “काड्या आणाच्या. पानं नाई.”