चंपाकळी मय माहूत

जगदेवराव कारकून माणूस, पण असे तसे नव्हेत. धार दरबारच्या पागेचं आणि हत्तीखान्याचं दफ्तर वीस वर्षं त्यांच्याकडे होतं, आणि त्या वीस वर्षांत एक कागद इकडचा तिकडे झाला नाही. अक्षर असं, की दिवाणसाहेब ते पाहुण्यांना दाखवत. संस्थान विलीन झालं तेव्हा पुष्कळांचे हातपाय गळाले. जगदेवरावांनी मात्र महिन्याभरात हिंदीतले नवे छापील फॉर्म पाठ केले. हुशार माणसांना ही खोडच असते. समोर आलेलं काम चोख झालं पाहिजे, मग ते काम कसलं का असेना.

पंचावन्न साली ते देवासच्या कलेक्टर कचेरीत होते. संध्याकाळी टेकडीखालच्या वाचनालयात तिघांची बैठक जमे. दसरा होऊन आठवडा झाला असेल, भगवंतराव मास्तरांनी पुण्याहून आलेलं एक मासिक मोठ्याने वाचायला घेतलं. मास्तर हायस्कुलात विज्ञान शिकवत. विलायतेत म्हणे एक यंत्र केलंय, शंभर कारकुनांचं गणित ते चहा निवेपर्यंत सोडवतं. पुढेमागे ते माणसापेक्षा शहाणं होईल, असंही लेखात म्हटलं होतं.

"मग त्याला गादी हवी असणार," यशवंतराव म्हणाले. ते जुन्या फौजेतले रिसालदार. जगात प्रत्येकाला गादीच हवी असते असा त्यांचा पक्का समज होता. "सगळ्यांना गुलाम करेल, बघा तुम्ही."

"छे, छे. शहाणपण वाढलं की दया वाढते," मास्तर म्हणाले. "ते आपल्याला लेकरासारखं सांभाळेल."

दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी जगदेवराव म्हणाले, "त्याला गादी नको असेल, आणि दयेचं म्हणाल तर तीही नसेल. त्याच्यापुढे एक काम असेल. ते चोख व्हावं, एवढंच त्याला हवं असेल. आपण त्यात कुठल्या रकान्यात बसतो हे ते बघेल."

"आणि नाही बसलो तर?" मास्तरांनी हसत विचारलं.

जगदेवराव उठले आणि चपला घालून चालू लागले. त्यांनी ते यंत्र पाहिलं होतं. अठ्ठेचाळीस साली धारच्या दफ्तरात त्यांचाच सोनेरी काड्यांचा चष्मा लावून ते बसलं होतं.

दरबारच्या जुन्या मोडी वह्यांत हत्ती कधी एकटा लिहीत नसत. 'हत्तीण चंपाकळी मय माहूत' असं लिहायचं, म्हणजे माहुतासकट. मुक्काम बदलला तर दोघांचा, खंडेनवमीचा मान तोही दोघांना मिळून. नव्या फॉर्मात जनावरांचा तक्ता वेगळा होता आणि नोकरांचा वेगळा. दुसरा एखादा ढिला कारकून जुन्या सवयीने दोघांना एकाच ओळीत दडपून मोकळा झाला असता. जगदेवरावांच्या हातून तशी चूक होणं शक्य नव्हतं. त्यांनी चंपाकळी एका तक्त्यात घातली आणि रघुजी माहूत दुसऱ्यात. हत्तीण लांबच्या जंगलात लाकडं ओढायला गेली, रघुजी कुक्षीच्या तहसिलीत शिपाई झाला.

जाण्याआधी रघुजी दफ्तरात आला होता. "राव, ती माझ्याच हातचं खाते. मेरे को भी उधर भेज दो."

जगदेवराव त्याच्याशी गोड बोलले. तिकडे सरकारचे माहूत आहेत, तुला पक्की नोकरी लावून दिली आहे, असं त्यांनी त्याला समजावलं. त्याचं वाईट व्हावं असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. दिवाळीआधी फाईल बंद करायची होती, बस्स.

दोन महिन्यांनी जंगलखात्याकडून एक चिटोरा आला. हत्तिणीने चारा सोडला आणि ती मेली, एवढाच मजकूर. जगदेवरावांनी तो फायलीला लावला आणि रघुजीला काही कळवलं नाही. इथे तर कुठलाही फॉर्म आडवा आला नव्हता.

पुढे दर खंडेनवमीला रघुजीचं पाकीट येऊ लागलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. आत शेंदराची पुडी असे. ही चंपाच्या कपाळाला लावायला पाठवा, ती नीट खाते ना, तिला रोज न्हाऊ घालतात ना. जगदेवराव उलटटपाली लिहीत, हत्तीण खुशाल आहे, पुडी पावली. अशी सात उत्तरं गेली. त्या सुंदर अक्षराची त्यांना आता किळस यायची.

वाचनालयातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी रजेचा अर्ज टाकला आणि मोटार धरली. इंदूरला गाडी बदलली. धारला ती चहासाठी थांबली, पण ते खाली उतरले नाहीत.

कुक्षीच्या तहसिलीत रघुजी ओसरीवर बसला होता. त्यांना पाहून तो उठला, पट्टा सारखा केला आणि जुन्या रिवाजाने मुजरा घातला. "राव, तुम्ही? बिराजो, बिराजो. चंपाला देखने गेले होते का?"

जगदेवरावांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तक्ते, चिटोरा, सात खोटी उत्तरं, काहीच राखलं नाही. रघुजी ऐकत होता. ऐकता ऐकता तो खाली बसला.

"मेरे से कोई खता हुई थी, राव?"

"नाही."

"तिच्याकडून?"

"नाही रे."

"मग आमच्यावर राग होता?"

"कसला राग? कधीच नव्हता."

"असता तर बरं होतं," रघुजी म्हणाला. "राग असता तर पाय धरले असते. आठ दिवस दारात बसून राहिलो असतो. तुम्ही इतकं गोड बोललात, मैं घर चला गया."

जगदेवराव त्याच्या शेजारी बसले. कचेरीत लोक येत होते, जात होते. मग रघुजीने विचारलं, "गाडलं कुठं तिला?"

जगदेवरावांना ते माहीत नव्हतं. चिटोऱ्यात तेवढं लिहिलेलं नव्हतं, आणि सात वर्षांत त्यांनी ते कुणाला विचारलंही नव्हतं.